जुन्या कोटाचं गिऱ्हाईक

जुने कपडे विकणाऱ्या त्या दुकानात दोघी बहिणी शिरल्या त्या केवळ वारा चुकवायला. थोरलीचं आयुष्य लोकांचे ब्लाउज बेतण्यात गेलेलं, त्यामुळे परदेशात आली तरी तिचे हात गप्प बसेनात. दिसेल तो कपडा उलटा करून ती शिवण बघायची. फिरायला आलोय की कामावर, असं धाकटी मागून कुरकुरत होती.

तेवढ्यात एक निळा लोकरी कोट थोरलीच्या हाती आला. कधीच वारलेल्या एका नामांकित डिझायनरचा. तुम्ही जन्मायच्या आधीचा आहे, असं दुकानदार म्हणाला. टाके इतके बारीक की नखाला लागू नयेत. थोरलीने तो सहज अंगात घातला आणि आरशासमोर ती आधी डावीकडे वळली, मग उजवीकडे.

कोट बसला होता. ऑपरेशन झाल्यापासून तिला काहीच बसत नव्हतं. छातीची डावी बाजू सपाट झालेली. ब्लाउजात ती कापसाची घडी ठेवायची, तरी स्वतःच्या हातचं शिवलेलंही दुसऱ्या कुणाचं मागून आणल्यासारखं वाटायचं. हा कोट मात्र डावीकडे मुळातच सपाट बेतला होता. वर्षानुवर्षं कात्री चालवून उतरलेला तिचा उजवा खांदासुद्धा त्यात नीट सामावला होता. कुठे उसवल्याची, दुरुस्त केल्याची खूण नव्हती. तिने ती अर्धा तास शोधली.

कोट विकत घेतला आणि मग तिने तो अंगावरून उतरवलाच नाही. कापसाची घडी पिशवीत गेली. अनोळखी रस्त्यांवरून ती ताठ चालू लागली, दुकानांच्या काचांत स्वतःला चोरून बघू लागली, आणि धाकटी तिला महाराणी म्हणून चिडवू लागली. परत गेल्यावर मोठी तपासणी होती. मागच्या वेळी डॉक्टर फिल्म उजेडात धरून नको तितका वेळ बघत राहिले होते. एकदा दोघी कुठेतरी लांब जाऊन येऊ, हा हट्ट त्यातूनच आलेला. धाकटीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

कोटाच्या अस्तरावर शिवणघराचा पत्ता होता, आणि शिवणघर अजून चालू होतं. हा कोट कोणत्या बाईसाठी बेतला, हे विचारायचंय, असं थोरलीने बहिणीला सांगितलं. ती बाई पुढे किती जगली, हा दुसरा प्रश्न तिने पोटातच ठेवला.

जिना चढताच गरम इस्त्रीखालच्या ओल्या लोकरीचा वास आला. लांबच लांब टेबलं, खडूचा पांढरा भुगा, मनगटावर टाचण्यांची गादी बांधलेल्या बायका. त्या दोघी आत आल्या तशी एकेक मशीन थांबत गेली. पांढऱ्या केसांची मुख्य शिंपीण पुढे आली. तिने कोटाकडे पाहिलं, मग थोरलीच्या उजव्या खांद्याकडे, आणि काही न विचारता दोघींना मागच्या खोलीत नेलं.

तिथे कपडे बेतून बघायची कापडी धडं उभी होती. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाचं एक, असं शिंपिणीने तिघींनाही जमेल अशा तोडक्या इंग्रजीत समजावलं. गिऱ्हाइकाचं अंग बदललं की धड उसवायचं, कापूस कमीजास्त करायचा, वर नवं कापड चढवायचं. निळा कोट ज्यावर बेतला ते धड तिने पुढे ओढलं, पण ते कुणाचं हे तिला माहीत नव्हतं. ती कामाला लागली तेव्हाही ते असंच होतं.

थोरलीने हात पुढे केला.

डावी छाती सपाट. तिच्यावरून एक तिरकी शिवण काखेपर्यंत गेलेली, थोरलीच्या व्रणासारखीच. कडेला जुन्या कापडांचे थर दिसत होते, एकावर एक.

आणि त्या शिवणीनंतर चढवलेले आणखी थर होते. कंबर सुटलेली. पोट ओघळलेलं. पाठीवर पोकासाठी भरलेला कापूस, चांगला मूठभर.

ही बाई म्हातारी झाली होती.

इतका आनंद थोरलीला आयुष्यात झाला नव्हता. देवापुढे टेकावं तसं तिने त्या वाकलेल्या पाठीवर कपाळ टेकलं.

"ताई, रडतेस कशाला?" धाकटी म्हणाली. "आणि ही कोण गं शेजारी?"

शेजारी आणखी एक धड होतं, बुटकं, गुबगुबीत. ही दुसरी नेहमी पहिलीच्या सोबत यायची म्हणे, असं शिंपिणीने सांगितलं.

धाकटीचे सगळे ब्लाउज थोरलीनेच शिवलेले. तिने ते धड डोळे मिटूनही ओळखलं असतं.

त्यावर थर नव्हते. शिवण कुठेच उसवलेली नव्हती. एकच कापड.

"हिचं माप पुन्हा कधी बदललं नाही," शिंपीण हलक्या आवाजात म्हणाली.

धाकटी खूश झाली. मला सुटलीस म्हणतेस, जरा हिच्याकडे बघ, म्हणाली. थोरली त्या एकाच कापडावर उसवल्याची खूण शोधत राहिली.

धाकटीने टेबलावरची टेप उचलली. आधी धडाच्या कमरेभोवती धरली, मग स्वतःच्या.

"तंतोतंत," ती हसत म्हणाली. "माझं आजचंच माप आहे, ताई."