रुमालाखालचा भाव

ज्ञानेश्वरी हसली, आणि तिथंच सगळं बिघडलं.

एपीएमसीच्या फळबाजारात ती नमितामावशीबरोबर हापूसची पेटी घ्यायला आली होती. समोर दोन धडधाकट पुरुष एका रुमालाखाली हातात हात घालून उभे. एकमेकांच्या डोळ्यांत बघतायत, आणि तोंडातून शब्द नाही. आता हसू येणार नाही तर काय होईल? त्यातला तरुण गडबडला आणि समोरचं गिऱ्हाईक "झाला सौदा" म्हणत निघूनही गेलं.

"काय ओ मॅडम," तो घाम पुसत म्हणाला, "तुमच्या हसण्यापायी एक बोट कमी दाबलं ना मी."

"म्हणजे?"

"म्हणजे घाटा. आमचा भाव असा बोटांनी ठरतो. शेजारच्याला कळायला नको म्हणून वर रुमाल."

"अय्या... मग भरपाई करू का?"

"चहा पाजा. तेवढ्यावर सोडतो."

मावशीनं डोळे वटारले, पण चहा झालाच.

त्याचं नाव शिवतेज. वडील साताऱ्याकडून येऊन याच बाजारात माथाडी झाले, पाठीवर पोती वाहून त्यांनी कोपरखैरण्यात घर केलं आणि गेले. आता त्या घरात आई बाळाबाई आणि हा. भाड्याच्या गाळ्यात याचा आंब्याचा धंदा.

आंबे संपले तरी दोघांचे रविवार काही संपले नाहीत. वाशीच्या खाडीकाठी बाकावर बसायचं, त्यानं खिशातून रुमाल काढायचा आणि म्हणायचं, "चल, शीक." हे एक बोट, ही दोन. पुरा पंजा दिला की सौदा पक्का, मूठ मिटली की मोडला. ती मुद्दाम चुकायची. "परत दाखव ना..." म्हटलं की तो हसायचा आणि बोटं जरा जास्तच वेळ धरून ठेवायचा. रुमालाबाहेर मात्र प्रेमाचा चकार शब्द काढला नाही पठ्ठ्यानं.

दिवाळी सरली आणि तो गप्प गप्प राहू लागला. बागवाल्याला मोहोर बघूनच उचल द्यायची, ही या धंद्याची रीत. मोहोर गळला की उचलही गेली. याचे तर लागोपाठ मोसम पडले होते. एका रविवारी तो अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाला, "घर गहाण टाकतोय. यंदा एक बाग चांगली लागली ना, की सगळं सुटतं बघ. तू टेन्शन नको घेऊ."

ऐरोलीच्या ऑफिसात ज्ञानेश्वरी दिवसभर कर्जाची प्रकरणंच तर तपासायची. कोण तरेल, कोण बुडेल, हे तिला आता वासावरून कळायचं. हा बुडणार होता. आणि ती नुसतं "हं" म्हणाली.

आठवडाभर तिला घास गोड लागेना. सांगावं, तर मी त्याची कोण? बाजारातली ओळख. न सांगावं, तर त्या म्हातारीनं जायचं कुठं?

"पुरुषाला धंद्यातलं शिकवायला जाऊ नकोस गं," मावशी म्हणाली. "आधी लग्न होऊ दे, मग काय ते बोल."

"आणि तोवर घर गेलं तर?"

मावशी खाली मान घालून मेथी निवडत राहिली.

पुढच्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. रुमाल पसरला.

"आज शिकवणार नाही. आज विचारणार," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बोल... आपलं पक्कं?"

रुमालाखाली त्याचा पंजा उघडा, वाट बघत. आपला हात ठेवायचा, बस्स, एवढंच काम होतं. याच घटकेसाठी तर ती इतके दिवस झुरली होती. आणि ही वेडी म्हणाली,

"घर गहाण टाकू नकोस, शिवा."

त्याची बोटं थिजली.

"गाळा सोड. या धंद्यात आता तुझं काही उरलं नाही. आईच्या डोक्यावरचं छप्पर जाईल रे... रोज बघते मी असली माणसं."

"असली माणसं," तो हळूच म्हणाला. "मी तुला बोटं शिकवत होतो, आणि तू मला तपासत होतीस?"

"नाही रे..."

त्यानं रुमालाची नीट घडी केली, खिशात घातली आणि तो गेला. फोन उचलेना, निरोपाला उत्तर देईना.

एका रविवारी तो खाडीकाठच्या त्याच बाकाशी परत आला, तेव्हा हवेत गारठा होता. गाल बसलेले, दाढी वाढलेली.

"गाळा सोडला," तो म्हणाला. "घर शाबूत आहे. कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागलोय. तू बोलली नसतीस तर आईला घेऊन रस्त्यावर आलो असतो. तेवढं सांगायला आलो."

"बरं केलंस."

"पण ज्ञाना... तुझ्यासमोर आलो की मला माझं दिवाळंच दिसतं. ते जन्मभर कसं बघू?"

"मी नाही बघत ते."

"मी बघतो ना."

तिचे डोळे भरून आले. बोलून काही उपयोग नव्हता, हे तिला कळत होतं. तिनं ओढणीचा पदर त्याच्या हातावर टाकला आणि खालून आपला पुरा पंजा पुढं केला. तिथं त्याची मूठ होती. घट्ट मिटलेली. तिनं एक बोट सोडवून पाहिलं, ते परत मिटलं. त्यानं हात काढून घेतला नाही, आणि मूठही उघडली नाही. ती तशीच मूठ धरून बसली.

बाजारातून परतणारा एक म्हातारा व्यापारी ओढणीकडं बघून थबकला आणि ओळखीचं हसला. त्याला वाटलं, अजून घासाघीस चाललीय.