बुधवारचा शेवटचा फोन

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं मोठ्या मामांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. मी मान हलवली होती. पण त्यांनी लिहू नकोस असं काही म्हटलं नव्हतं, आणि तशीही मी फारशी बोलत नाही.

आम्ही सगळी भावंडं गच्चीवर आडवी झालो होतो. खालचे दिवे गेले, तेव्हा मामा पाण्याच्या टाकीला टेकून बसले आणि म्हणाले, "गप्पूचं ऐकलंय का तुम्ही?"

गप्पू हा मामांचा शाळेपासूनचा मित्र. बोलायचं त्याच्या जिवावर येतं, म्हणून हे नाव पडलं. "लग्नात तो एकदा 'हो' म्हणाला," मामा म्हणाले, "तेव्हापासून वहिनीच बोलतेय." हा गप्पू मुलांच्या सुधारगृहात काळजीवाहक आहे. कायदा मोडलेली, अठराच्या आतली मुलं तिथे ठेवतात. गप्पू त्यांना उठवतो, जेवायला बसवतो, रात्री खोल्यांना कुलूप लावतो.

"तिथे मारतात का?" धाकट्याने विचारलं.

"गप्पू नाही मारत. पण कुलूप ते कुलूपच. खोलीच्या दाराला आतून मूठ नाही. टेबलं जमिनीला स्क्रूने आवळलेली. बुटांच्या नाड्या पहिल्याच दिवशी काढून घेतात. जेवण झालं की चमचे परत केल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आणि रात्री दिवा पूर्ण घालवत नाहीत. मंद बल्ब जळतच असतो. नवी मुलं तोंडावर शर्ट घेऊन झोपतात, अंधार हवा म्हणून."

"अंधार हवा म्हणून?" ताई हसली. "इथे हा मुतायला जाताना सगळ्या घराचे दिवे लावतो!"

धाकट्याने तिला उशी मारली. मामा हसले नाहीत.

बुधवारी मुलांना घरी फोन करता येतो. ऑफिसात एकाच लाइनवर दोन फोन आहेत. गप्पू नंबर लावतो, पलीकडे घरचंच माणूस आहे ना याची खात्री करतो आणि मुलाला रिसीव्हर देतो. दुसरा स्वतःच्या कानाला लावतो. मुलगा भलतंसलतं काही ठरवत नाही ना, हे ऐकायचं. स्वतः मधे बोलायचं नाही. दहा मिनिटं झाली की, "वेळ संपली," एवढंच म्हणायचं. "असली नोकरी गप्पूसाठीच काढली असणार," मामा म्हणाले.

मागच्या वर्षी, जानेवारीतला दुसरा बुधवार. बाकीची मुलं फोन करून, जेवून खोल्यांमध्ये गेली होती. एक उरला होता. पंधरा वर्षांचा, अंगाने बारीक. त्याची आई पॅकिंगच्या कारखान्यात जायची, ती रात्री नऊला घरी पोचायची, म्हणून त्याचा नंबर नेहमी शेवटचा. वडील नाहीत. घरी आई आणि पाच वर्षांची बहीण, चिमी.

"त्याने काय केलं होतं?" ताईने विचारलं.

"ते कळून तुला झोप लागणार आहे का?" मामा म्हणाले.

साडेनऊला गप्पूने नंबर लावला. आईने उचलला. सुधारगृहातून बोलतोय म्हटल्यावर ती काही बोललीच नाही. गप्पूला वाटलं, दमली असेल. त्याने रिसीव्हर मुलाला दिला.

"आई, मी बोलतोय."

पलीकडे शांतता.

"आई? ऐकू येतंय ना?"

मग आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "कोण आहेस तू?"

मुलगा हसला. "विसरलीस होय मला?"

"माझा मुलगा घरी आलाय," ती म्हणाली. "लवकर सोडलं त्याला. मी कामावरून आले तर दारातच उभा होता. आता आत झोपलाय."

मुलाने गप्पूकडे पाहिलं. गप्पूने मुलाकडे पाहिलं. ऑफिसच्या दाराला कुलूप होतं. किल्ली गप्पूच्या कमरेला होती.

"आई, थट्टा करू नकोस ना. मी इथेच आहे."

"त्याने सांगितलं होतं मला," आई म्हणाली. "तो म्हणाला, आई, रात्री माझ्या आवाजात कोणीतरी फोन करेल. ऐकू नकोस त्याचं."

धाकटा माझ्या पांघरुणात आला.

मुलाने एकच विचारलं. "आई... चिमी कुठे आहे?"

"त्याच्या शेजारी. त्याच्या कुशीत झोपलीय."

तेव्हा गप्पूने नियम मोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मधे बोलला. "बाई, मी इथला काळजीवाहक. तुमचा मुलगा माझ्यासमोर खुर्चीवर बसलाय. शपथेवर सांगतो."

मुलगा रडायला लागला होता. "आई, तो मी नाही गं... आई..." रडताना तो नाक ओढत होता. लहान पोरासारखा.

आणि त्याच वेळी, फोनमध्ये, दूरवरून, आतल्या खोलीतून आवाज आला.

"आई... कोणाचा फोन आहे?"

तोच आवाज. या मुलाचा. फक्त रडणं नव्हतं त्यात. काहीच नव्हतं.

दोन्ही आवाज तिने एकदमच ऐकले असणार. बराच वेळ तिचा फक्त श्वास ऐकू आला. मग ती मोठ्याने, अगदी नेहमीच्या सुरात म्हणाली, "काही नाही रे. चुकीचा नंबर."

पण तिने फोन बंद केला नाही.

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. फळीवर असेल. मुलाने तोंडावर हात दाबून धरला. दोघं ऐकत राहिले.

"चिमे, ऊठ. शूला जाऊन येऊ."

"झोपू दे ना तिला, आई."

"अंथरूण ओलं करेल रे. मग तूच ओरडशील."

शांतता...

शांतता...

"बरं," तो आवाज म्हणाला.

चिमी झोपेत कुरकुरली. पावलं. कडी काढल्याचा आवाज. दार. मग पळणारी पावलं, लांब जाणारी.

मग काही नाही.

"गेल्या," गप्पू पुटपुटला. "सुटल्या."

मुलगा मानेनेच नको नको म्हणत होता. त्याला काहीतरी ऐकू येत होतं. मग गप्पूलाही आलं. घरात कोणीतरी चालत होतं. सावकाश. कडी लावल्याचा आवाज आला. पावलं जवळ आली. फळीपाशी थांबली.

फोन उचलला.

श्वास नव्हता. काहीच नव्हतं. आणि मग त्या मुलाच्या आवाजात, पण अगदी गप्पूच्या ढबीत, कोणीतरी म्हणालं,

"वेळ संपली."

फोन बंद.

खाली रस्त्यावरून एक मोटार गेली. तिचा उजेड टाकीवरून सरकला, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच मामांकडे पाहिलं, ते मामाच आहेत ना म्हणून.

गप्पूने त्या भागातल्या पोलीस चौकीला फोन केला. मुलाला खोलीत परत नेलं नाही, ऑफिसातच जवळ बसवून ठेवलं. त्याबद्दल पुढे त्याला खुलासा द्यावा लागला. तासाभराने हवालदाराचा फोन आला. आई आणि चिमी शेजारच्यांकडे होत्या, अनवाणी, पण धडधाकट. घराला आतून कडी होती, ती तोडावी लागली. आत कोणी नव्हतं. खिडक्यांना गज, मागे दार नाही.

"चोर असेल," धाकटा म्हणाला.

"हवालदारही तेच म्हणाला," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर गप्पू त्या घरी गेला. आई शेजारणीला धरून उंबऱ्यातच उभी होती. तिने त्याला दाराची चौकट दाखवली. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, दोन्ही मुलांची उंची दर वर्षी मोजलेली. सगळ्यात वरची रेघ ताजी होती.

"मीच काढली, साहेब," ती म्हणाली. "आल्या आल्या त्याला उभं केलं. म्हटलं, किती उंच झालं माझं लेकरू. तो हसला. म्हणाला, नीट काढ हं, आई."

गप्पू त्या मुलाला रोज बघत होता. रेघ त्याच्या डोक्यापेक्षा चांगली चार बोटं वर होती.

उन्हाळ्यात मुलगा सुटला. आता गॅरेजमध्ये कामाला जातो, आईला जपतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आईने ती रेघ खोडली, घासली, वरून रंग लावला. तरी ती दिसते. गप्पू अधूनमधून जाऊन येतो. चहा पितो, बोलत नाही, चौकटीकडे बघतो. दिवाळीच्या सुट्टीत गेला, तेव्हा मुलाच्या डोक्यात आणि रेघेत तीन बोटं उरली होती. नंतर दोन. मग एक.

या महिन्यात गप्पू गेला, तेव्हा मुलाचा वाढदिवस होता. तो आपणहून चौकटीला पाठ लावून उभा राहिला. टाचा उचलल्या नाहीत. गप्पूने त्याच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. ती बरोबर रेघेवर आली. तसा मुलगा हसला आणि म्हणाला, "नीट काढ हं, आई."

आईच्या हातातली पेन्सिल पडली. आणि चिमी तिच्या पदरामागे गेली, पदर घट्ट धरला आणि हळूच विचारायला लागली, "आई, हा दादा आपला आहे, की त्या रात्री—

आई खालून हाक मारतेय, लिहिणं इथेच थांबवते. आले गं आई, आले