'टेक'च्या चिठ्ठ्या

सिंधीपुऱ्यातल्या वाचनालयात इंग्रजीचा मोठा शब्दकोश एकच होता, आणि तो तीन दिवस एकाच माणसापुढे उघडा पडला होता. चौथ्या दिवशी मी त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"अहो, माझ्या आठवीच्या मुली खोळंबल्यात. तुमचं होणार कधी?"

त्यानं मान वर केली. बोटांना शाई, डोळे मात्र... जाऊ दे. "बाई, 'टेक'वर अडकलोय. टेक चार्ज, टेक लीव्ह, टेक ॲक्शन. साहेब म्हणतात, सब का अलग लिखो. भलतं झंझट आहे."

ते सत्तावन्न साल. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं, आणि कचेरीतलं इंग्रजी हिंदीत आणायचं काम या गिरधरसारख्या मराठी कारकुनांच्या गळ्यात पडलं. साहेबांचा नियम असा: एका अर्थाला एक चिठ्ठी, आणि त्यावर इंग्रजी जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाचा शेरा. 'मान्य', नाहीतर 'मान्य नाही, पुन्हा आणा'. तो दुसरा माणूस मी झाले. शब्दकोश हवा होता ना.

महिना उलटला तरी हा बाबा त्याच एका क्रियापदावर. मला अगदी वैताग आला. एकदा त्यानं 'टेक टी'चीसुद्धा चिठ्ठी आणली.

"कचेरीत हे कोण लिहितं?"

"लिहीत नाहीत, पण पितात तर सगळेच."

"मान्य नाही."

"मग उद्या आणू?" हे तो इतक्या आनंदानं विचारायचा की माझा राग आणखी वाढायचा. रविवारी वाचनालय बंद, दिवस जाता जात नसे. त्याचाही राग त्याच्यावरच.

त्या सोमवारी त्यानं एकच चिठ्ठी ठेवली. 'टेक इफेक्ट — लागू होना.' शेवटची. चूक काढायला जागाच नव्हती. तिच्याखाली एक छापील फॉर्म होता. मराठी कारकुनांनी इथंच राहायचं की तिकडं जायचं, ते लिहून द्यायचं होतं. गिरधरनं 'नागपूर' लिहिलं होतं. सही तेवढी बाकी होती.

"दादा बोलावतो," तो म्हणाला. "माझ्या वाट्याची यादी तर संपली... इथं आता माझं काय काम? आज पाचच्या आत द्यायचाय."

मी फॉर्म माझ्यापुढे ओढला. "महिनाभर चहाच्या चिठ्ठ्या आणल्यात. एक धड गोष्ट विचारता आली नाही?"

"विचारणार होतो... पण तुम्ही 'मान्य नाही' लिहिलं असतं तर?"

मी त्याच्या हातातला टाक ओढून घेतला. 'नागपूर'च्या शेजारी ठळक अक्षरात लिहिलं — 'मान्य नाही, पुन्हा आणा'. खाली सही केली, मंगला.

तो फॉर्मकडे बघतच राहिला. "बाई, हा तर वाया गेला. नवा... उद्या आणू?"

"उद्या नाही, पाचच्या आत. बऱ्हाणपूर लिहून आणा. आणि आता बाई म्हणू नका."

गिरधर शब्दकोश उघडाच टाकून पळाला. आठवीच्या मुलींचे शब्द काढायचे राहिले होते. मी मात्र दाराकडे बघत बसले.