आईंचा आवाज कोणी पुसला?

"सासूबाईंचं गाणं मी पुसलं नाही," धाकटी सून म्हणाली. खुर्ची दिली तरी ती बसेना. "पण कॉम्प्युटर म्हणतो मीच. थोरल्या दिरांनी आजच माहेरी जायला सांगितलंय. बॅग घरी दारात ठेवलीय."

खाजगी तपास हा ताईंचा धंदा. शेजारचे निवृत्त मास्तर त्यांचे हक्काचे सोबती. फक्त त्यांना सगळं दोनदा सांगावं लागे.

"नीट सांग," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासून."

तिच्या सासरी तळमजल्यावर घरचाच ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ. सासूबाई गायच्या. ऑपरेशनमध्ये गळा गेला; उरलं ते कॉम्प्युटरमधलं गाणं. परवा तेही गेलं. कॉम्प्युटरच्या नोंदीत पुसल्याची वेळ साडेपाच. आणि पाचला सगळे आईंना डॉक्टरांकडे घेऊन गेले होते.

"मी औषधं घेऊन पाचला परतले, तेव्हा ते निघतच होते. नंतर घरात मी एकटी."

"आईंना विचारलं?" ताई म्हणाल्या.

"त्यांना कळूच दिलं नाही. धक्का बसेल म्हणून."

स्टुडिओत थोरले दीर येरझाऱ्या घालत होते. सगळे त्यांना दादा म्हणत. "माणूस खोटं बोलेल, ताई. यंत्र कशाला बोलेल?"

"यंत्राचं घड्याळ बरोबर आहे?"

"आतला सेल संपलाय. व्हायरसच्या धास्तीनं हे नेटला जोडत नाही, म्हणून वेळ हातानं लावावी लागते. परवा जेवणानंतर वीज गेली, तेव्हा वेळ बिघडली. पण लगेच लावली. मी बाहेरून ओरडलो, पावणेदोन. आत जावईबापूंनी लावली."

रेकॉर्डिस्ट कोपऱ्यात वायरी गुंडाळत होता. "शेवटचं काम आटोपून मी चारला निघालो."

"नोंदीत पाच आहेत," दादा तडकले. "हा आणखी एक."

"माझी बस साडेचारची असते, दादा. बसवाल्याला विचारा."

ताई बोटांनी टेबलावर ताल धरून बसल्या. जावयांना त्यांनी फोनवर पावणेअकराची वेळ दिली होती. अकरा वाजले, साडेअकरा झाले. मास्तरांनी सतरांदा घड्याळ पाहिलं.

पावणेबाराला जावई हसत आत आले. "बघा, मिनिटाचाही उशीर नाही."

मास्तरांनी तोंड उघडलं. ताईंनी डोळ्यांनीच गप्प केलं.

"निघण्याआधी कोण कुठे होतं?"

"साडेचारला मी गाडी धूत होतो. दादा फाटकापाशी फोनवर. आई इथे, स्टुडिओत बसलेल्या."

ताई उठल्या. "आईंना खाली बोलवा."

"त्यांना कशाला?" दादा म्हणाले.

"बोलवा तर."

आई आल्या, हातात पाटी घेऊन. आवाज गेल्यापासून त्या पाटीवरच बोलत.

"जावईबापू," ताई म्हणाल्या, "सव्वापाच म्हणजे किती?"

"पाच पंधरा."

"साडेपाच?"

"पाच तीस. परीक्षा घेताय का?"

"पावणेपाच?"

"पाच पंचेचाळीस."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो, पावणेपाच म्हणजे पाचाला पाव कमी. चार पंचेचाळीस."

"माझी शाळा दुसऱ्या भाषेतली," जावई पुटपुटले. "मी आपला अंदाज बांधला."

"म्हणून पावणेअकराला बोलावलं, तर तासभर उशिरा येऊनही तुम्ही वेळेवर," ताई म्हणाल्या. "दादा, घड्याळ बदलल्याची नोंद उघडा. तुम्ही पावणेदोन सांगितलंत. तिथे दोन पंचेचाळीस दिसेल."

दादांनी नोंद उघडली. तेच होतं.

"तेव्हापासून घड्याळ तासभर पुढे. रेकॉर्डिस्टचे चार तिथे पाच झाले. आणि गाणं पुसलं साडेचारला."

"साडेचारला कोण होतं इथे?" मास्तरांनी विचारलं, आणि विचारता विचारताच थांबले.

आईंची पेन्सिल पाटीवर करकरली. *मीच. तुम्ही गाणं लावलं की वर ऐकू यायचं. ऐकवत नव्हतं.*

दादा आईंकडे वळले. "आई, अगं, सांगायचं तरी."

आईंनी पाटी पुसली. *विचारलंस कुठे?*

मग त्यांची नजर दारातल्या बॅगेकडे गेली. पाटी पुन्हा पुसली गेली. *ही बॅग कोणाची?*

दादांनी मान खाली घातली. धाकटी जमिनीकडे बघत राहिली.

आईंना उत्तराची गरज पडली नाही. त्यांनी बॅग उचलली, दादांच्या हातात दिली आणि वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं.

दादा बॅग घेऊन जिना चढू लागले.