भेग नसलेलं दार

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या हिमखाणीत सगळ्यात इमानदार कामगार कोण असेल, तर तो म्हणजे झीज. तिला सुट्टी नाही, आजारपण नाही. तिथं वारा नाही की वाहतं पाणी नाही, त्यामुळे मातीचा कण कधी घासून गोल झालेलाच नाही. प्रत्येक कणाला फुटक्या काचेसारखी धार. ती गोठलेली माती भरडून पाणी काढणारा एकच चरक तळावर होता आणि त्याच्या दोन रोलरांचे दात महिन्याभरात बोथट व्हायचे.

हेमांगी बेलवलकर ही तळावरची झीजतज्ज्ञ. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्या घरातली असल्यामुळे ती पोलादाशी आणि वरिष्ठांशी एकाच आवाजात बोलायची. हत्यार आतून चिवट ठेवायचं आणि दात, कडा अशा झिजणाऱ्या जागी वितळलेल्या मिश्रधातूचा कठीण थर चढवायचा, हे तिचं काम. असा थर थंड होताना आक्रसतो आणि त्याला आडव्या बारीक भेगा पडतात. नवखे लोक त्या भेगा पाहून घाबरतात. हेमांगी त्या दिसल्या नाहीत तर घाबरायची.

अशात पृथ्वीवरच्या मुख्यालयातल्या डॉ. त्रिविक्रम नेन्यांनी ‘स्वयंसंधी लेप’ शोधला. पडलेली भेग आपली आपण बुजवणारा कठीण थर! नेने बुद्धिमान होते यात शंका नाही. त्यांना स्वतःलाही ती नव्हती.

“भेग पडलीय हे लेपाला कळतं कसं?” हेमांगीने पहिल्याच बैठकीत पडद्यावरच्या नेन्यांना विचारलं.

“लेप चढवलेल्या दोन कडा केसाहून कमी अंतरावर समोरासमोर आल्या आणि तशाच राहिल्या, की लेपातले फिरते अणू मधल्या फटीत सरकतात. हवा असो की पोकळी. दीडेक दिवसात फट बुजते. कापलं तरी तेच.”

“आणि आक्रसताना येणारा ताण? भेग म्हणजे त्या ताणाला दिलेली वाट असते, सर. तुम्ही वाटच बुजवताय. एक दिवस सगळा थर पापुद्र्यासारखा उडेल.”

थर उडाला नाही. वर्षभर चरक रात्रंदिवस फिरला आणि दात पहिल्या दिवसासारखे राहिले. छिन्न्या, पाने, पकडी, सगळ्यांवर लेप चढला. तिन्ही पाळ्यांमध्ये ती हत्यारं या हातातून त्या हातात फिरत राहिली आणि हेमांगीचं व्हायचं तेवढं हसं झालं. जेवताना लोक तिला विचारायचे, पापुद्रा आज उडणार की उद्या? ती त्यांच्याबरोबर हसायची, पण आतून जळायची.

मग नेन्यांचा आदेश आला की तळाच्या दारालाही लेप लावा. दाराच्या कडा आणि चौकट धुळीने झिजत होती, हे खरंच होतं. पण बाहेर जायला तळाला तेवढं एकच दार होतं आणि परतीचं यान त्याच्या पलीकडच्या, हवा भरलेल्या बोगद्याच्या टोकाशी उभं होतं. हेमांगीने साफ नकार दिला.

तळप्रमुख फ्रान्सिस डाबरे तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, शांत माणूस. त्यांनी तिला एकटीला बोलावून कारण विचारलं. तिच्याकडे जुनंच कारण होतं आणि तेही खोटं ठरलेलं.

“कारण नाही माझ्याकडे, साहेब,” ती म्हणाली. “पण ज्या धातूला भेगच पडत नाही, तो मला अजून समजलेला नाही. न समजलेली वस्तू मी चाळीस माणसांच्या वाटेत उभी करणार नाही. तुम्हाला करायची तर करा.”

डाबऱ्यांनी जड मनाने तिला कामावरून दूर केलं, पुढच्या यानाने तिला परत पाठवायचं ठरवलं आणि अष्टमीला दाराला आणि चौकटीला स्वतःच्या हाताने लेप चढवला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. डाबरे वसईचे, सुतारकीच्या घरातले. रविवारी प्रार्थना न चुकवणारे आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजाही न चुकवणारे. टाक्या भरलेल्या असल्यामुळे वर्षात प्रथमच चरक थांबला. हत्यारं धुऊन लाल कापडावर एकमेकांना टेकवून ओळीने मांडली गेली, हळदकुंकू वाहिलं गेलं. दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, बाहेर जायचं नाही, असा तिथला रिवाज पडला होता. सकाळी मिटलेलं दारही तसंच बंद राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी डाबऱ्यांनी काम सुरू करायला हातोडी उचलली. हातोडीबरोबर छिन्नी आली, छिन्नीबरोबर पाना आला आणि बघता बघता सगळी ओळ तोरणासारखी त्यांच्या हातात लोंबू लागली. चंद्रावर वजन ते काय! लोक पोट धरून हसले. डाबरेही हसले.

हेमांगी हसली नाही. तिने पकड उचलून पाहिली. मिटलेला जबडा उघडत नव्हता, मधली फट जेमतेम दिसत होती.

“साहेब, दोन हत्यारांमधली फट आणि एका हत्याराला पडलेली भेग यांतला फरक लेपाला कळत नाही,” ती म्हणाली. “वर्षभर काही झालं नाही, कारण वर्षभर काही थांबलंच नाही. काल आपण सगळं थांबवलं.”

कुणीतरी चरकाकडे धावलं. दोन रोलरांचा एक ओंडका झाला होता. पण हेमांगी तिकडे गेलीच नाही. लेप न लावलेला जुना जॅक अडगळीतून ओढत ती दाराशी पोचली. दार हलत नव्हतं, पण कडेला हात लावला तर फटीची रेघ अजून बोटाला लागत होती.

तेवढ्यात पडद्यावर नेने आले. दारात बसवलेली त्यांची उपकरणं त्यांना सांगत होती की दार उत्तम स्थितीत आहे, एकही भेग नाही. जोर लावला तर चौकट फाटेल, तेव्हा कुणीही हात लावू नये. आपण अभ्यास करून संध्याकाळी कळवू, असं त्यांनी बजावलं. डाबरे दार आणि हेमांगी यांच्यामध्ये उभे राहिले.

“संध्याकाळी इथं दार नसेल, भिंत असेल,” हेमांगी म्हणाली. “तुम्ही मला कामावरून काढलंय, साहेब. आता मला कुणाचा आदेश लागू नाही. बाजूला व्हा.”

डाबरे बाजूला झाले. मग खाली बसून त्यांनी जॅकचा दांडा दुसऱ्या बाजूने धरला.

दोघांनी मिळून दांडा दाबला. दार कण्हलं, कडेवरून धातूची एक चीप उडाली आणि डाबऱ्यांचा गाल कापून गेली. मग सगळ्या तळाला ऐकू जाईल असा कडकडाट झाला आणि दार हातभर उघडलं. चौकट फाटली नव्हती. हेमांगीने पूजेचं लाल कापड मागवलं, त्याची घडी करून दोन कडांच्या मध्ये घातली आणि तिथंच जमिनीवर बसली. तिला रडू येत होतं. तिने ते येऊ दिलं.

पडद्यावर नेने संतापले होते. बेशिस्त, मालमत्तेचं नुकसान, चौकशी, असं बरंच काही ते बोलत होते. हेमांगीने डोळे पुसले.

“सर, तुम्ही आत्ता कुठं आहात?”

“कुठं म्हणजे? प्रयोगशाळेत. परवा दुपारपासून. सगळे सुट्टीवर आहेत, तुमच्या दारावर लक्ष ठेवायला मी एकटा थांबलोय.”

“तुमच्या दाराला काय लावलंय?”

चंद्रावरून पृथ्वीवर शब्द जाऊन परत यायला क्षणभर लागतोच. या वेळी क्षण उलटला. उत्तराऐवजी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. कडी ओढल्याचा आवाज झाला, पुन्हा ओढल्याचा, मग खांद्याने धडक दिल्याचा. बराच वेळ तेच चाललं होतं.

नेने परत पडद्यासमोर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“बेलवलकर,” ते म्हणाले, “इथं जॅक नाही.”

“असता तरी उपयोग नव्हता, सर. तुमचं दार मिटून दीड दिवस होऊन गेला,” हेमांगी म्हणाली. तिच्या आवाजात आता राग नव्हता. “शांत बसा आणि बाहेर फोन लावा. ते दार कापायला घेतील, त्यांना थांबवा; त्या लेपावर पातंच बोथट होईल. दाराच्या नादी लागू नका म्हणावं. भिंत फोडा.”