त्रेसष्ट नंबरचं घर

"दामिनी बकाराम बहेकार कुठं राहते जी?"

बोरिंगवर माझी घागर अर्धी भरली होती. वरून श्रावणाची भुरभुर, खाली चिखल आणि समोर सायकल धरून उभा एक उंच पोरगा. खांद्याला पोस्टाची पिशवी. केसांतलं पाणी नाकावर टपकत होतं, पण त्याचा एक हात सायकलवर आणि दुसरा पिशवी झाकण्यात अडकलेला.

"काऊन? काय काम हाय तिच्याशी?" मी हँडल मारत विचारलं.

"तक्रार टाकली तिनं पोस्टात. बाई लय तिखट दिसते... 'तुमच्या पोस्टमनले डोळे हायत का नुसती भोकं' असं लिहिलं हाय."

"मीच ते लिहिलं."

त्याच्या हातून सायकल सुटली आणि धपकन चिखलात पडली. मला हसू आलं, पण मी दाबलं. रागच तेवढा होता माझा!

गेल्या वर्षी मी नर्सिंगच्या शाळेत फॉर्म भरला होता. नंबर लागला, बोलावणं निघालं, आणि माझ्यापर्यंत आलंच नाही. फॉर्मवर बाबाचा मोबाईल नंबर दिला होता, पण तो मोबाईल मिलमध्ये धान भिजवायच्या हौदात पडला. पत्र तेवढं उरलं होतं, ते 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत गेलं. वर्षभर मी मिलमध्ये तांदूळ निवडत बसले. यंदा पुन्हा फॉर्म भरला, तेव्हा बाबानं सांगून ठेवलं, "पोरी, दिवाळीपर्यंत बोलावणं आलं तर जा. नाही आलं तर बोदलकसा गावाकडचं स्थळ पक्कं करतो."

"आणि तुमचा पत्ता काय?" त्यानं सायकल उचलत विचारलं.

"राईस मिलच्या मागं."

"कोणत्या?"

गोंदियात राईस मिलच्या मागं म्हणजे अर्धं गोंदिया आलं! आमची टोली कोणत्याच नकाशात नाही. कोणी कामठ्याहून, कोणी तिरोड्याकडून मिलच्या कामाला आलं, रिकामी जागा पाहून घर उभं केलं, बस. गल्लीला नाव नाही, दाराला नंबर नाही.

"पोस्टाचे साहेब म्हणते," तो म्हणाला, "गल्लीले नाव द्या, घरावर नंबर टाका, मी येऊन पाहतो. दिसलं तर डाक सुरू करतो." मग जरा थांबून, "माझं नाव हिमांशू."

"मी विचारलं का?"

"नाही... पुढच्या तक्रारीत लिहायले कामी पडन."

आगाऊच होता. पण डोळे खाली घालून बोलला, म्हणून मी सोडून दिलं.

त्या रविवारी बोरिंगवर टोलीची मीटिंग भरली. पुष्पाबाई आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष, त्यांचा आवाज रेल्वेच्या भोंग्यालाही हार जात नाही. गल्ल्यांची नावं पटकन ठरली : बोरिंग गल्ली, कडुलिंब गल्ली, पटरी गल्ली. भांडण पेटलं ते नंबरवर. उदारामकाका म्हणाले, "माझा पोरगा वेगळा खाते. दोन चुली, दोन नंबर!"

"चूल नाही मोजायची काका, दार मोजायचं," पुष्पाबाईंनी निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी उदारामकाकांनी भिंत फोडून दुसरं दार काढलं! घ्या.

पाऊस उघडल्यावर आम्ही नंबर टाकायला घेतले. गेरूनं मी आकडे काढायचे आणि ड्यूटी संपवून आलेल्या हिमांशूनं गेरूचा डबा धरायचा. आमचं घर रेल्वेच्या पटरीच्या भिंतीला लागून, टोलीच्या पार टोकाला. त्रेसष्ट नंबर, शेवटचा.

"तुमच्या गालाले गेरू लागला," तो म्हणाला.

"लागू द्या."

"पुसू का..."

"हात आवरा. डाकिया आहात ना, डाक सांभाळा."

तो लाजला आणि त्याचे कान गेरूसारखे लाल झाले. मी पाठ फिरवून पोटभर हसले. तीन दिवसांत सगळे नंबर झाले. पुष्पाबाईंनी कोणाचं घर कितवं ही पूर्ण यादी बोरिंगजवळच्या भिंतीवर लिहून घेतली. काम संपलं, तरी हिमांशू रोज संध्याकाळी येतच राहिला.

"आता कायले येता?"

"रंग टिकला का पाहायले."

टिकला असता तर ना! साहेब येणार होते दिवाळीआधीच्या शनिवारी. साहेब येणार, मग टोली कशी चकचकीत दिसली पाहिजे. शुक्रवारी बाया उठल्या आणि चुना भिजवून भिंती पोतारायला लागल्या. दिवाळीला घर पोतारायचं हे आमच्या हाडात भिनलेलं. हात आपोआप चालतो, त्याला डोकं लागत नाही. मीही पदर खोचून आमची भिंत पांढरीशुभ्र केली. पुष्पाबाईंनी तर बोरिंगजवळची भिंतसुद्धा सोडली नाही.

शनिवारी सकाळी मी दात घासत बाहेर आले आणि ब्रश तोंडातच राहिला. सगळी टोली दुधासारखी पांढरी. एक नंबर नाही! मी, जिनं सगळे नंबर काढले होते, तिनं स्वतःचाच नंबर पुसला होता. मी उंबऱ्यावर बसून रडायलाच लागले.

"माझा पाच होता!" "तुझा कायचा पाच? पाच माझा!" बोरिंगवर गलका उडाला. पाच नंबरचे तीन मालक निघाले आणि एकोणीस कोणालाच नको होता. साहेब यायला तास राहिला होता.

तेवढ्यात हिमांशू आला. भिंती पाहून आधी हबकला, मग बाह्या सरसावल्या.

"दामिनी, गेरू घ्या. लिहा... पुष्पाबाई एक. त्यांच्या बाजूले टिंकूची आई दोन. कैलाशभाऊ तीन. अंजूताई चार..."

तो पुढं, मी मागं, टोली आमच्या मागं. एकदाही अडला नाही. उदारामकाका चौदा, त्यांच्या पोराचं नवं दार पंधरा. मी लिहीत होते आणि ऐकत होते. आमच्या दाराशी आलो तेव्हा माझा हात दुखत होता.

"इथं तर डाक येतच नव्हती," मी हळूच विचारलं. "मग सगळं पाठ कसं?"

तो डब्यात पाहत म्हणाला, "त्रेसष्ट नंबरले यायचं म्हणजे बासष्ट घरं ओलांडा लागते... रोज."

त्रेसष्टचा तीन वाकडाच निघाला.

साहेब आले, तिन्ही गल्ल्या फिरले आणि म्हणाले, "सोमवारपासून डाक सुरू." टोलीनं टाळ्या वाजवल्या. पुष्पाबाईंनी साहेबाला चहा पाजला. मी हिमांशूला शोधलं, तर तो पटरीच्या भिंतीशी एकटा उभा.

"एक सांगायचं हाय... तुम्ही चिडान."

"सांगा तर."

"गेल्या वर्षी तुमचं पत्र वापस केलं ना... तो शेरा माझा होता. नोकरीचा पहिला आठवडा. दोन मिलांच्या मागं पाहिलं, तिसरीकडं गेलोच नाही."

माझं वर्ष! त्याच्या एका आळसापायी माझं अख्खं वर्ष तांदळाच्या खड्यांत गेलं. मी गेरूचा डबा त्याच्या पायाशी आपटला आणि दार लावून घेतलं.

सोमवारी डाक आली. मंगळवारी आली. घंटी वाजायची, तो एकसष्टपर्यंत यायचा, आमच्या दाराकडं न पाहता वळायचा. राग होता हो मला, खरंच होता. पण घंटी लांब गेली की जेवण गोड लागेना. सांगितलं नसतं तर मला कधी कळलं असतं? आणि तरी त्यानं सांगितलं.

गुरुवारी भर दुपारी घंटी वाजतच राहिली. एकसष्ट गेलं, बासष्ट गेलं. तो घामाघूम, धापा टाकत दारात.

"शाळेचं... रजिस्टर पत्र. सही करा."

नंबर लागला होता. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. आई रडायला लागली, बाबानं पत्र उलटंपालटं करून दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "बोदलकशावाल्यांना नाही म्हणून कळवतो." मी वर पाहिलं, तर हिमांशू कधीच वळला होता.

"अहो!" मी हाक मारली. "माफी मागितली नाही तुम्ही."

तो थांबला. "देता का?"

"लिहून कळवीन."

संध्याकाळी मी स्वतः जाऊन आंतरदेशीय पत्र पेटीत टाकलं.

शनिवारी सायकल आली. बासष्ट दारांतून बासष्ट जणी पाहत होत्या. त्याच्या हातात माझंच पत्र, उघडलेलं.

"पोस्टातल्या सगळ्यांनी विचारलं, पोस्टमनले कोणाची चिठ्ठी आली म्हणून."

"मग? काय सांगितलं?"

"काही नाही. पुन्हा वाचत बसलो."

दोनच ओळी होत्या त्यात. 'माफ केलं. लग्न शिकून झाल्यावर, पण बोलणी करायला आई-बाबांना आताच घेऊन या... घर क्रमांक त्रेसष्ट, पटरी गल्ली. पत्ता पूर्ण आहे, यावेळी चुकू नका.'

"नाही चुकत," तो म्हणाला आणि सायकल पुन्हा हातातून सुटून धपकन पडली.

आतून आईचा आवाज आला, "कोण आलं वो?"

"पोस्टमन."

"मग आत बोलाव ना बापा, उन्हात काऊन उभा ठेवून राहिली त्याले?"