आत एक, बाहेर एक

“बाबा, आत्या गेली तेव्हा गाडी चालूच होती ना?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. आणि पैजेतून माघार घेईल ती भिंगरी कसली! तिने जेवता जेवता विचारूनच टाकलं.

आईचा चमचा वाटीतच थांबला. बाबा ग्लासभर पाणी प्यायले. “हो. रस्त्याच्या कडेला नीट लावलेली. आत्याचं डोकं स्टिअरिंगवर. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, डुलकी लागलीय. पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू होतं.”

“म्हणजे किती वेळ?”

“जेव आता.”

पैज जिंकूनही हे उत्तर तिने मैत्रिणींना सांगितलं नाही.

गोल दिव्यांची ती गाडी सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. शनिवारपर्यंत सुरू झाली तर ठेवू, नाहीतर रविवारी सकाळी भंगारवाला नेईल, अशी बाबांची अट. भिंगरीने अख्खी सुट्टी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरवर घालवली. खोलला, धुतला, नवे सुटे भाग घालून पुन्हा बसवला. तिची बडबड शेवटपर्यंत ऐकून घेणारं घरात एकच माणूस होतं, आत्या. तिची गाडी भंगारात? छे!

शनिवारी दुपारी आई-बाबा कामावर, मैत्रिणी सिनेमाला. गाडी खर्र-खर्र करायची आणि गप्प. तिने गॅरेजवाल्या मेस्त्रीकाकांना फोन लावला.

“ठिणगी?”

“निळीशार!”

“पेट्रोल?”

“कार्ब्युरेटरच्या वाटीत पुरेसं आहे. पण प्लग ठणठणीत कोरडे.”

“गॅस्केट उलटं बसवलंस की काय?”

तिने खोलून बघितलं. उलटंच होतं. “काका, कुणाला सांगू नका हं.”

सुलटं केलं, तरी खर्र-खर्र. गप्प.

“मग आत कचरा अडकलाय,” काका म्हणाले. “किल्ली फिरवून सेल्फ मारताना कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात दाबायचा. ओढ लागली की निघतो. पण आत एक माणूस, बाहेर एक. एकटीने नाही. आणि इंजिनात हात घालशील तेव्हा किल्ली खिशात. आहे ना घरात कुणी?”

“आहे की,” ती बिनधास्त म्हणाली आणि फोन ठेवला.

शेडमध्ये तापलेल्या पत्र्याचा टकटक आवाज तेवढा येत होता. किल्ली तिने मागच्या खिशात घातली. उघड्या बॉनेटमुळे गाडीच्या आतलं काही दिसत नव्हतं. हात कितपत पोचतोय ते बघायला तिने तळहात कार्ब्युरेटरच्या तोंडावर टेकवला.

“आत्या,” ती हसून म्हणाली, “आज कुणीच नाहीये गं. तूच मार सेल्फ.”

सेल्फ लागला.

तळहात गच्च ओढला गेला. पेट्रोल बोटांना गार लागलं. तिने हात हिसकला, इंजिन दोनदा खोकलं आणि संथ चालू लागलं.

किल्ली खिशातच टोचत होती.

ती बॉनेटला वळसा घालून दाराशी आली. गाडीत कुणी नव्हतं.

चालकाची सीट खोल दबलेली होती. बघता बघता ती हळूहळू वर आली.

मग शेजारची सीट खाली दबली.

जागा करून दिल्यासारखी.

पाच वाजता आई-बाबा आले तेव्हा गाडी शेडच्या बाहेर, तोंड रस्त्याकडे करून उभी होती. इंजिन चालू. बाबांचा विश्वासच बसेना.

“भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवा,” भिंगरीने सांगितलं. “मी गाडी शिकणार आहे.”

“अगं, पण शिकवणार कोण?” आई म्हणाली. “आम्हाला दोघांनाही येत नाही.”

“ते ठरलंय. रोज दुपारी जायचं. आज फाटकापर्यंतच जाऊन आलो आम्ही.”